बेळगावात पीएचडीला येताय, तर एवढं ऐका

मी मूळची सांगलीची, बेळगावात येऊन आता बारा वर्षं झाली. तिकडनं पोरं आली की पहिल्यांदा रूमचंच विचारतात. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी हायवेवर भूतरामनहट्टीला, व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्निकल युनिव्हर्सिटी खानापूर रोडला मच्छेत, केएलई ही मेडिकलची युनिव्हर्सिटी आणि आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं) पारंपरिक औषधांचं केंद्र नेहरूनगरला. गाईड एकीकडं न् मशीन दुसरीकडं असलं की फिरणं आलंच, म्हणून बसला सोयीची जागा बघा, बाकी काही नको.

मराठी चालते, शहापूर-वडगावात तर परकं वाटतच नाही, पण कन्नड शिकाच. आणि गावात सर्व्हेला जाणाऱ्यांनी हे नीट ऐका. संमतीपत्र समोरच्याला कळेल त्याच भाषेत पाहिजे आणि ते भाषांतरसुद्धा एथिक्स कमिटीकडनं, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांचं हित जपणाऱ्या समितीकडनं, मंजूर करून घ्यावं लागतं. माझ्या पहिल्या वर्षी आमच्याकडं फक्त कन्नड फॉर्म होते, जांबोटीकडच्या एका आज्जीनं कागद हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, ह्यात काय लिवलंय ते तूच सांग की." अंगठा लगेच मिळाला असता, पण मी घेतला नाही, परत आले, मराठी फॉर्म मंजूर होईस्तोवर दोन महिने गेले. आजही वाटतं तेच बरोबर होतं.

दोन लॅबचं एकत्र काम असेल तर आणखी जपा. आमच्यात सॅम्पलच्या ट्यूबवर एक लॅब तारीख आधी लिहायची, दुसरी महिना आधी, ५/६ म्हणजे नक्की कधीचं ते कुणालाच सांगता येईना, अठरा ट्यूब टाकून द्याव्या लागल्या, मी त्या दिवशी फ्रीजरसमोर उभी राहून रडले. आता माझ्या ज्युनियर पोरांकडनं पहिल्याच आठवड्यात मी एक पान लिहून घेते: सॅम्पल कुणी आणायचं, कुठल्या फ्रीजरला ठेवायचं, डेटा कुणाकडं, पेपरवर कुणाचं नाव कितवं. नावाचं विचारायला पोरं लाजतात, सरांना कसं विचारायचं म्हणतात. तसं थेट विचारू नका, मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी मेल करा, "सर, आज असं ठरलं असं मी समजले, बरोबर ना?" यूजीसीच्या २०२२ च्या नियमानं दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं काम मांडायचंच असतं, तेव्हा हेच मेल उपयोगी पडतात. फक्त दोन्ही गाईडना एकाच मेलमध्ये घ्या, वेगवेगळं पाठवू नका.