चोर्ला घाटात क्लच केबल तुटली तर

पेडण्याहून बेळगावला मोटरसायकलने जाताना घाटात क्लच केबल तुटली, तर आधी कुठे तुटली ते बघा. बहुतेकदा ती लिव्हरपाशीच तुटते. अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, पूर्ण आत फिरवा, थोडी तार मोकळी होते. इलेक्ट्रिशियनच्या कनेक्टरमधला पितळी तुकडा तारेत ओवून स्क्रू घट्ट आवळा. तोच निप्पलचं, म्हणजे तारेच्या टोकाला लिव्हरमध्ये अडकणाऱ्या धातूच्या गोळीचं, काम करतो. पावसात तार फडक्याने कोरडी पुसा, नाहीतर हमखास सरकते. हा तुकडा माझ्या टूलकिटमध्ये कायम असतो.

तो नसेल तर इंजिन चालू ठेवून गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडा, जरा वेग आला की पहिला गिअर टाका. पुढचे गिअर अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडून बदला. थांबण्याआधी न्यूट्रल. गोव्याच्या बाजूला उतरून केरीमार्गे साखळी गाव गाठा, तिथे गॅरेजं आहेत.