स्ट्रोक की ब्रेन हॅमरेज, हे घरी ठरवत बसू नका

बऱ्याच जणांना वाटतं स्ट्रोक वेगळा आणि ब्रेन हॅमरेज वेगळं. तसं नाहीये. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला तरी स्ट्रोक आणि रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचलं तरी स्ट्रोकच. गुठळीवाले जास्त, साधारण दहातले आठ. पण पेशंटकडे बघून कोणता ते डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो, आणि उपचार एकदम उलटे असतात, एकात गुठळी विरघळवायची आणि दुसऱ्यात रक्त थांबवायचं. त्यामुळे घरी आपलं काम एवढंच, स्ट्रोकचा संशय घ्यायचा आणि पळायचं.

संशय कशावरून घ्यायचा? हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का बघा. एखादं साधं वाक्य बोलायला सांगा, जीभ जड झालीय का, किंवा बोलणं स्पष्ट आहे पण शब्दच भलतेच येतायत का. मग दोन्ही हात समोर सरळ, तळवे वर, डोळे मिटून दहा सेकंद धरायला सांगा. ताकद कमी झालेला हात हळूहळू खाली येतो आणि तळवा आत वळतो, कधी कधी पेशंटला स्वतःला ते कळतही नाही. अचानक एका बाजूचं दिसेनासं होणं, तोल जाणं हेपण धरा. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू झाली, सोबत उलटी किंवा मान आखडली, तर मेंदूभोवती रक्तस्राव असू शकतो, तिथे हात-पाय अगदी ठणठणीत असले तरी थांबू नका.

आता वेळ. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच येतो, पेशंट शेवटचा नॉर्मल कधी दिसला होता? त्रास लक्षात कधी आला ते नाही. रात्री अकराला बरा झोपला आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं तर वेळ अकराची सांगायची. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, मोठी गुठळी तारेने काढायची सोय काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत असते, पण जितका उशीर तितका मेंदू जातो. म्हणून जवळच्या दवाखान्यात आधी दाखवून येऊ असं करू नका, अँब्युलन्स बोलवा आणि सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार चोवीस तास आहेत अशाच हॉस्पिटलला न्या.

तोवर अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकमध्ये देतात म्हणून इथेही देतात लोक, पण आत रक्तस्राव चालू असेल तर ती गोळी तो वाढवू शकते. पाणी, चहा काहीच नको, गिळण्यावर परिणाम झालेला असू शकतो आणि घोट थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरीच जादा गोळी देऊन उतरवू नका, गुठळीच्या स्ट्रोकमध्ये त्याने मेंदूचं रक्त अजून कमी होतं. बोटांना सुई टोचून रक्त काढा असे मेसेज फिरतात, तो निव्वळ टाइमपास आहे, तोही सगळ्यात महागड्या वेळेत! उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, डायबिटीस असेल तर मशीनवर शुगर बघा कारण शुगर खूप उतरली तरी चित्र सेम दिसतं, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते न विचारता सांगा.

सीटी नॉर्मल आला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, पण गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणजे नॉर्मलचा अर्थ रक्तस्राव नाही इतकाच. तसंच दहा मिनिटांत सगळं आपोआप नीट झालं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण पुढच्या दोन दिवसांत मोठा स्ट्रोक यायचा धोका सगळ्यात जास्त असतो.

एक रक्तस्राव मात्र सावकाश येतो. म्हातारं माणूस पडतं, टेंगूळ येतं, विषय संपतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, झोप वाढते, चाल डगमगते, बोलण्यात गोंधळ होतो. घरचे म्हणतात वय झालं. कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू रक्त साचत असतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर शक्यता अजून जास्त, आणि वेळेत काढलं तर बरेच जण चांगले सुधारतात. पण ते पडणं कोणाच्या डोक्यातच राहिलेलं नसतं, त्यामुळे मागच्या महिन्या-दोन महिन्यांत कधी पडले होते का, हे डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा.