विकत घेण्याआधी इथे शोधा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी डिजिटल ग्रंथालयांची वाट

महिन्याला तीन पुस्तके घेणारे घर धरा. एका पुस्तकाला सरासरी तीनशे रुपये म्हटले, तरी वर्षाला १०,८०० रुपये होतात. पुस्तकांवर पैसे खर्च करूच नयेत, असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण जे पुस्तक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कायदेशीरपणे फुकट वाचता येते, त्यावरचे पैसे वाचवून आज लिहिणाऱ्या लेखकाचे पुस्तक घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आधी यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा

येत्या काही महिन्यांत वाचायची पुस्तके कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लेखक हयात आहे का, नसल्यास कधी गेला, ते टिपा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. या हिशेबात बसणारी पुस्तके एका बाजूला काढा. ती शक्यतो विकत घ्यावी लागणार नाहीत. मात्र जुन्या पुस्तकाला अलीकडे जोडलेली प्रस्तावना किंवा नवा अनुवाद असेल, तर त्याचा हक्क वेगळा असतो.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी घराजवळून सुरुवात

ठाणेकरांना यासाठी लांब जायला नको. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने आपल्याकडच्या दुर्मीळ पुस्तकांचे डिजिटायझेशन केले आहे. हात लावला की पाने तुटतील अशी पुस्तके आता पडद्यावर उलगडता येतात. पहिला शोध तिथे घ्या. तिथे सापडले नाही तर राज्य मराठी विकास संस्थेचे दुर्मीळ ग्रंथ पाहा. मग महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर जा. मंडळाने प्रकाशित केलेली चरित्रे, इतिहास, विज्ञान, भाषाविषयक ग्रंथ तिथून उतरवून घेता येतात आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही. हे भांडार फार कमी लोक वापरतात याची मला खरोखर खंत वाटते. संदर्भासाठी मराठी विश्वकोशही ऑनलाइन खुला आहे.

हलकेफुलके, नव्या हातांनी लिहिलेले काही हवे असेल तर ठाण्यातूनच चालणारे ई साहित्य प्रतिष्ठान आहे. ते मराठी ई-पुस्तके विनामूल्य वाटते.

इंटरनेट आर्काइव्हवरून उसने कसे घ्यायचे

इंटरनेट आर्काइव्ह हे स्कॅन केलेल्या पुस्तकांचे मोठे ऑनलाइन ग्रंथालय आहे. इथे थोडा वेळ द्यावा लागतो, पण हाती बरेच लागते. ईमेल देऊन खाते उघडा. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके थेट उतरवता येतात. हक्क शाबूत असलेली काही पुस्तके, त्यांतली बहुतेक इंग्रजी, उसनी मिळतात: काही एक तासासाठी, काही १४ दिवसांसाठी. पद्धत आपल्या वाचनालयासारखीच आहे. प्रत एका वाचकाकडे असताना दुसऱ्याला थांबावे लागते. तास संपला आणि कोणी रांगेत नसेल, तर पुन्हा घेता येते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते, त्यामुळे दंडाचा प्रश्नच येत नाही. प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यानंतर लाखो पुस्तके या उसनवारीतून काढावी लागली, तेव्हा अलीकडचे गाजलेले पुस्तक इथे मिळेलच असे धरून चालू नका.

मराठीसाठी शोधण्याची एक युक्ती आहे. भारतीय ग्रंथालयांतून स्कॅन होऊन आर्काइव्हवर गेलेल्या हजारो पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि चमत्कारिक स्पेलिंगने नोंदलेली आहेत. ‘आ’साठी दोनदा ए, ‘ई’साठी दोनदा आय, मध्येच अपॉस्ट्रॉफी. म्हणून आधी देवनागरीत शोधा, मग साध्या रोमनमध्ये, मग अक्षरे दुप्पट करून. तरीही हाती लागले नाही तर फक्त लेखकाच्या आडनावाने शोधा आणि भाषा मराठी निवडा. एक सावधगिरी ठेवा: आर्काइव्हवर कोणीही फाइल चढवू शकतो. हयात लेखकाचे अख्खे पुस्तक तिथे दिसले, तर ते लेखकाच्या संमतीनेच आले असेल असे समजू नका.

अभ्यास आणि मुले

भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभारले आणि २०१८ साली ते देशाला अर्पण झाले. नोंदणी फुकट आहे. ते मुख्यतः शोधण्याचे साधन आहे. नोंद दिसली म्हणजे पुस्तक उघडेलच असे नाही, म्हणून शोधताना खुल्या प्रवेशाचा पर्याय निवडा. स्पर्धा परीक्षा आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याचा जास्त उपयोग. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतातच.

मुलांसाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे ॲप घ्या. ३ ते १८ वयासाठी वयोगटांनुसार पुस्तके लावलेली आहेत, मराठीही आहेत, आणि पैसे लागत नाहीत. लहान मुलांची चित्रांची पुस्तके महाग असतात आणि चार दिवसांत वाचून होतात. बचत सर्वांत आधी इथेच जाणवेल.

फोनवर वाचताना

पुस्तक पीडीएफ आणि ईपब अशा दोन्ही फाइल-प्रकारांत मिळत असेल, तर ईपब घ्या. त्यात अक्षर मोठे केले की ओळी स्वतःहून जुळतात. पीडीएफ पान सहा इंची पडद्यावर डावी-उजवीकडे सरकवत वाचणे डोळ्यांना त्रासाचे, आणि ज्येष्ठांना तर नकोसे होते. पीडीएफच असेल तर टॅब किंवा संगणक बरा, नाहीतर फोन आडवा धरा. स्कॅन केलेल्या फाइली जड असतात, म्हणून घरच्या वायफायवर रात्री उतरवून ठेवा. ठाणे-वाशी लोकलमध्ये किंवा सीएसएमटीला जाताना नेटवर्कच्या भरवशावर राहावे लागणार नाही. आर्काइव्हचे तासाचे उसने पुस्तक मात्र इंटरनेट असतानाच वाचावे लागते, ते प्रवासासाठी नको.

उरलेल्या पुस्तकांचे काय

आता यादीत राहतील ती नवी मराठी पुस्तके. ती या डिजिटल कपाटांत क्वचितच असतात, आणि इथेच व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ पुढे येते. ती घेऊ नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजारभर प्रतींचीच असते. त्यातल्या शंभर वाचकांनी चोरीची फाइल वाचली, तर पुढची आवृत्ती निघेल की नाही याचीच शंका.

त्याऐवजी जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो सोबत न्या. वर्गणी किती, अनामत किती आणि ती सभासदत्व सोडताना परत मिळते का, एका वेळी किती पुस्तके घरी नेता येतात, हे आधीच विचारून घ्या. बसून वाचायचे असेल तर नवी मुंबईकरांना ऐरोलीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे ग्रंथालय आहे. हवे ते पुस्तक वाचनालयात नसेल तर ग्रंथपालांकडे नाव, लेखक, प्रकाशक लिहून मागणी नोंदवा. नवीन खरेदीच्या वेळी अशी मागणी विचारात घेतली जाते. एकाच पुस्तकासाठी तिघा-चौघांची नावे असली तर मागणीला जोर येतो, म्हणून सोसायटीतल्या इतर वाचकांनाही ती नोंदवायला सांगा.