कोपर बसलं म्हणजे काम संपलं नाही: या चुका टाळा

कोपर निखळलंय आणि सोबत हाडही मोडलंय, असा पेशंट आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा पहिला उपचार बहुतेक वेळा दुसरीकडे झालेला असतो. सांधा ओढून बसवलेला, स्लॅब (अर्धं प्लास्टर) लावलेला, आणि नातेवाइकांच्या पिशवीत एकच एक्स-रे. पुढे काय होणार हे त्या एक्स-रेवर बऱ्याचदा स्पष्ट दिसत असतं, पण तो उजेडासमोर धरून कुणी नीट बघितलेला नसतो. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतोय. काही पेशंटच्या, काही घरच्यांच्या आणि बऱ्याचशा आम्हा डॉक्टरांच्या बाजूच्या, म्हणून तिघांसाठीही लिहितोय.

"बसलं ना आता, मग ऑपरेशन कशाला?"

हा प्रश्न नातेवाईक विचारतात ते समजू शकतो. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, विचारतो तेव्हा वाईट वाटतं.

नुसतं निखळलेलं, हाड न मोडलेलं कोपर बसवलं की बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांच्या स्लॅबनंतर हालचाल सुरू करता येते, ऑपरेशन लागत नाही. पण निखळताना हाड मोडलं असेल तर हिशेब बदलतो. हाताच्या करंगळीकडच्या अल्ना या हाडाला पुढच्या बाजूला कोरोनॉइड नावाचं टोक असतं. घाटात उभ्या ट्रकच्या चाकामागे लावलेला दगड जे काम करतो तेच काम ते करतं: अल्नाला मागे घसरू देत नाही. बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडच्या रेडियस हाडाचं डोकं, म्हणजे रेडियल हेड, आधार देतं आणि बाहेरचं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा, सगळ्याला बांधून ठेवतं. कोपर निखळलं, कोरोनॉइड मोडलं आणि रेडियल हेडही मोडलं, तर त्या दुखापतीला 'टेरिबल ट्रायड' (भयंकर त्रिकूट) म्हणतात. अमेरिकन सर्जन हॉचकिस यांनी 1996 साली हे नाव रूढ केलं. लिगामेंट तर यात जवळपास नेहमीच हाडापासून सुटलेलं असतं.

ऊस भरताना ट्रॉलीवरून हातावर पडलेला एक तरुण होता. त्याच रात्री जवळच्या दवाखान्यात कोपर बसवलं, स्लॅब लावला, महिन्याने या म्हणून सांगितलं. तो सांगितल्याप्रमाणे महिन्याने गेला. सूज उतरली होती, फारसं दुखत नव्हतं, त्यामुळे मधल्या काळात शंका यायचं कारणच नव्हतं. स्लॅब काढला तर कोपर पुन्हा मागे निखळलेलं, आणि कधी निखळलं ते सांगायला मधला एकही एक्स-रे नाही. तिथून तो आमच्याकडे आला. त्याच्या पहिल्या रात्रीचा एक्स-रे मी बघितला. कोरोनॉइडचा त्रिकोणी तुकडा सांध्याच्या पुढे स्वच्छ दिसत होता, आणि बसवलेल्या सांध्यात ह्युमरस (दंडाचं हाड) आणि अल्ना यांच्यामध्ये नको तेवढी फट होती. ही फट म्हणजे धोक्याची सूचना. ज्याने स्लॅब लावला त्याने ती बघितली असती तर त्याच आठवड्यात साधं, ठरलेल्या क्रमाचं ऑपरेशन झालं असतं.

महिन्यानंतर सगळं चिकटलेलं असतं. दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू आखडलेला, सांधा व्रणाने भरलेला, करंगळीकडे जाणारी अल्नर नस त्यातच अडकलेली. कोरोनॉइड शिवावं लागलं, रेडियल हेड बदलावं लागलं, आणि वर बिजागरीचा फिक्सेटर, म्हणजे हाडांत सळया घालून बाहेरून लावलेली चौकट. शेवटी त्याचं कोपर 45 अंशांपासून 110 अंशांपर्यंत (पूर्ण सरळ म्हणजे 0) हलायला लागलं. घास तोंडापर्यंत नेताना त्याला मान खाली आणावी लागते.

माझी पद्धत अशी. कोपर बसवलं की त्याच भुलेत, सी-आर्म या चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनखाली, ते हळूहळू सरळ करून बघतो आणि कितव्या अंशाला सांधा सटकायला लागतो ते केस पेपरवर लिहितो. हाड मोडल्याची नुसती शंका असली तरी सीटी स्कॅन करतो. कोरोनॉइडचा तुकडा साध्या एक्स-रेवर लहान वाटतो आणि सीटीत मोठा निघतो, हे अनेकदा होतं. ऑपरेशन न करता चालेल असं ठरलं, तरी पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे, तोही अगदी बाजूने घेतलेला. स्लॅबमुळे धूसर येत असेल तर स्लॅब सोडून घ्या. पाच मिनिटं जातात.

ऑपरेशनमधला उलटा क्रम

नव्या सर्जनला रेडियल हेड समोर दिसतं, म्हणून तो आधी तेच हातात घेतो. घाई इथे नडते. काम आतून बाहेर यायला हवं: आधी कोरोनॉइड, मग रेडियल हेड, मग बाहेरचं लिगामेंट. मोडलेलं डोकं बाजूला असतं तेव्हाच त्या फटीतून कोरोनॉइड नीट दिसतं. एकदा कृत्रिम डोकं बसवलं की वाट बंद. कॅनडातल्या पू, मॅकी आणि सहकाऱ्यांनी 2004 साली हा क्रम व्यवस्थित मांडला. लिगामेंट कॅपिटेलमच्या, म्हणजे रेडियल हेडसमोरच्या ह्युमरसच्या गोल टोकाच्या, मध्यबिंदूवरच शिवायचं. तिथून सरकलं की ते कोपर वाकवताना ताणतं नाहीतर सरळ करताना सैल पडतं. आणि टाके घालण्याआधी सी-आर्मखाली कोपर सरळ करून बघायचं. तरीही सटकत असेल तर आतल्या बाजूचं लिगामेंट शिवायचं किंवा फिक्सेटर लावायचा. "प्लास्टरमध्ये राहील" असं म्हणून कुणी जखम बंद करायला लागलं की मी थांबवतो. प्लास्टरमध्ये राहत नाही.

सगळ्यात लोकप्रिय शॉर्टकट म्हणजे रेडियल हेडचे तुकडे काढून टाकायचे आणि जागा रिकामी ठेवायची. बाकीचा सांधा घट्ट असलेल्या निवडक पेशंटमध्ये ते चालतं. अस्थिर कोपरात अजिबात नाही. शिवाय हाताच्या दोन हाडांमधला पडदा फाटलेला असेल तर रेडियस वर सरकतो आणि पुढे पेशंट मनगट दुखतं म्हणून येतो, म्हणून अशा प्रत्येक पेशंटचं मनगटही दाबून बघा. दोन-तीन मोठे तुकडे असतील तर स्क्रूने जोडायचं, त्याहून जास्त असतील तर डोकं बदलायचं. बदलताना हौसेने मोठं माप घालू नका. मी काढलेले सगळे तुकडे ट्रॉलीवरच्या हिरव्या कापडावर जुळवून गोल पूर्ण करतो, त्याची उंची आणि रुंदी मोजतो आणि दोन मापांमध्ये अडकलो तर लहान घेतो. जास्त उंच डोकं समोरची कूर्चा खाऊन टाकतं.

थोडक्यात, पण सोडू नका

ऑपरेशनआधी करंगळीची संवेदना आणि बोटं फाकवण्याची ताकद तपासून लिहून ठेवा. नंतर तपासलं तर नस अपघातात दुखावली की टेबलावर, हे कुणालाच सांगता येत नाही.

अल्ना मोडलेली दिसली की कोपर आणि मनगट दोन्ही येतील असा एक्स-रे घ्या. रेडियसच्या मध्यातून काढलेली रेघ प्रत्येक एक्स-रेत कॅपिटेलममधून गेली पाहिजे. अल्ना मोडते आणि रेडियल हेड निखळतं, अशी मिलानचे सर्जन मॉन्टेजिया यांनी 1814 साली वर्णन केलेली ही दुखापत लहान मुलांत आजही सुटते.

ओलेक्रॅनॉनचा, म्हणजे कोपराच्या मागच्या टोकाचा, चुरा झाला असेल तर तार आवळू नका, सांधा अरुंद होतो. प्लेट लावा.

ह्युमरसचा खालचा भाग सांध्यात मोडला असेल तर एका प्लेटवर भागवू नका. दोन लागतात.

प्लास्टरनंतर मूल रडत असेल आणि बोटं सरळ केली की जास्त रडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी प्लास्टर फोडायचं.

चोळणं, झटके आणि बादली

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. ऑपरेशन नीट झालेलं असतं, टाके निघालेले असतात, कोपर रोज थोडं थोडं उघडत असतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, "अजून सरळ होत नाही गं, जरा चोळून घे." तेल गरम होतं. हाडवैद्याकडे फेरी होते, तो हात मांडीवर धरून झटका देतो. कुठे पाण्याने भरलेली बादली हातात देऊन अंगणात चालायला लावतात.

कोपराच्या पुढे सांध्याला चिकटून ब्रॅकिअॅलिस हा स्नायू असतो आणि निखळताना तो फाटलेला असतो. त्याला जोराने ताण दिला की पुन्हा रक्त साकळतं, आणि तिथे हाड बनण्याचा धोका वाढतो. एका शिक्षिकेचं कोपर दोन प्लेट लावल्यावर छान चाललं होतं. शाळा सुरू होणार, फळ्यावर लिहायचंय, म्हणून त्यांनी घरी बादली धरायला सुरुवात केली. परत आल्या तेव्हा कोपर गरम, टणक, आणि हालचाल आधीपेक्षा कमी. एक्स-रेवर सांध्यापुढे ढगासारखी सावली. ते हाड पक्कं होईपर्यंत काही महिने थांबून, दुसरं ऑपरेशन करून काढावं लागलं.

मी पेशंटला उताणं झोपवतो, दंड छताकडे उभा ठेवायला सांगतो आणि त्या स्थितीत त्याचं त्यालाच कोपर वाकवायला आणि सरळ करायला लावतो. या स्थितीत हाताचं वजन सांध्याला जागेवर दाबून ठेवतं. बाहेरचं लिगामेंट शिवलं असेल तर तळहात खाली वळवून, आणि सरळ करतानाचे शेवटचे 30 अंश सुरुवातीचे काही आठवडे सोडून. हे सगळं बहुतेकदा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच सुरू व्हायला हवं. "आराम पडू दे" म्हणून सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलेलं कोपर आखडणारच. दुसऱ्या कुणी जोर लावायचा नाही, फिजिओनेसुद्धा नाही.

रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंश एवढी हालचाल पुरते, हे अमेरिकन सर्जन मॉरे यांनी 1981 सालीच मोजून दाखवलंय. शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ झाले नाहीत तर घाबरू नका. ते मिळवण्याच्या नादात मिळालेली हालचाल घालवलेले पेशंट बघितलेत.

प्लेट काढायची घाई

"आत लोखंड किती दिवस ठेवायचं?" हा प्रश्न ठरलेला. ओलेक्रॅनॉनवर कातडी पातळ असते, तिथली तार किंवा प्लेट टेबलावर कोपर टेकवताना टोचते. हाड जुळल्यावर ती काढता येते. आतल्या बाजूच्या प्लेटचं तसं नाही. ती काढायची तर व्रणात अडकलेली अल्नर नस पुन्हा शोधून मोकळी करावी लागते, म्हणून त्रास नसेल तर मी तिला हात लावत नाही.