मुलाला कमी ऐकू येते तेव्हा घरातल्या संवादात या चुका टाळा

जन्मतः श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांच्या आईवडिलांना नीट ऐकू येत असते. कमी ऐकू येण्याचा अनुभव घरात कोणालाच नसल्यामुळे या घरांतल्या बहुतेक चुका निष्काळजीपणातून नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या जुन्या सवयींतून होतात.

पहिली चूक निदानाच्याही आधीची आहे. पाठीमागे टाळी वाजवली आणि मूल वळले, म्हणजे त्याला ऐकू येते, असा निष्कर्ष काढू नये. मूल सावलीला किंवा हवेच्या झोतालाही वळते. शिवाय टाळी ऐकू येणाऱ्या मुलालाही स, श यांसारखे क्षीण ध्वनी निसटत असू शकतात. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि मार्गदर्शनाची सुरुवात सहाव्यापर्यंत, हा १-३-६ चा दंडक जगभर मानला जातो. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या कोलोरॅडोतील १९९८ च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. जन्मानंतरची तपासणी ठीक आली तरी श्रवणदोष पुढे उद्भवू शकतो, म्हणून बोलणे मागे पडत असेल तर पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जावे.

यंत्र बसवले की प्रश्न सुटला, हा समजही तितकाच महागात पडतो. दिवसाला १० तासांहून अधिक वेळ श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांची भाषा अधिक चांगली वाढते असे अभ्यास सांगतात, पण पालकांनी सांगितलेले तास आणि यंत्रात नोंदले गेलेले तास पुष्कळदा जुळत नाहीत. तेव्हा ती नोंद ऑडिओलॉजिस्टला प्रत्येक भेटीत विचारून घ्यावी. यंत्र सतत शिटी मारत असेल तर यंत्र कानात बसवणारा साचा सैल झाला असण्याची शक्यता अधिक, कारण लहान मुलांचे कान भराभर वाढतात. मुलापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने घसरतो. त्यामुळे दुसऱ्या खोलीतून हाक मारून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा जवळ जावे आणि टीव्ही बंद करावा.

मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक मात्र यंत्राशी संबंधित नाही. जेवताना सगळे हसतात, मूल विचारते, "काय झाले?" आणि उत्तर मिळते, "काही नाही, नंतर सांगते." ऐकू येणारे मूल मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून, रुसव्या-समजुतींतून, फोनवरच्या अर्धवट संभाषणांतून नकळत शिकत असते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मात्र मुद्दाम त्याच्याशी बोललेले तेवढेच मिळते, आणि त्यातही "ये, बस, जेव" अशा आज्ञाच जास्त असतात. याचा परिणाम शब्दसंग्रहापुरता राहत नाही. कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी १९९५ मध्ये दाखवले, की ऐकू येणाऱ्या कुटुंबांतल्या अनेक कर्णबधिर मुलांना दुसऱ्याच्या मनातला गैरसमज ओळखणे उशिरापर्यंत अवघड जाते. घरात लहानपणापासून खुणांची, म्हणजे सांकेतिक भाषा अस्खलित वापरली जाते अशा मुलांत मात्र हा उशीर दिसत नाही, असे पुढच्या अभ्यासांत आढळले. म्हणजे अडचण कानापेक्षा मिळालेल्या संवादाची आहे. यावर उपाय असा, की एका वेळी एकानेच बोलावे, बोलणाऱ्याकडे हाताने निर्देश करावा, विनोद त्याच क्षणी थोडक्यात सांगावा, आणि "काका चिडले, कारण त्यांना वाटले आपण त्यांना विसरलो" अशी मनातली कारणेही उघड बोलून दाखवावीत.

ओरडून बोलणेही टाळावे, कारण त्याने आवाज मोठा झाला तरी उच्चार विकृत होतात. केवळ ओठवाचनावर भिस्त ठेवता येत नाही. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात, म्हणून "पाय" आणि "माय" यांतला फरक संदर्भावरूनच कळतो. मुलाची नजर आपल्याकडे वळण्याआधीच बोलायला लागू नये. कर्णबधिर आया बाळाने पाहीपर्यंत थांबतात किंवा त्याला हलकेच स्पर्श करतात, आणि ही रीत ऐकू येणाऱ्या पालकांनाही सहज जमते.

खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, या भीतीने अनेक घरे एखादी भाषा पूर्णपणे मिळण्याची पहिली वर्षे गमावतात. नाओमी कॅसेली व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत अमेरिकन सांकेतिक भाषा मिळू लागलेल्या, पण ऐकू येणारे पालक असलेल्या मुलांचा शब्दसंग्रह वयानुरूप वाढला. हे पालक स्वतः ती भाषा नव्यानेच शिकत असतात, म्हणून चुकतमाकत का होईना, सुरुवात करावी. मात्र हे काम एकट्या आईवर सोपवू नये. वडील, भावंडे आणि आजी-आजोबा यांपैकी जो शिकत नाही, त्याच्याशी मुलाचे बोलणे कायम कोणाच्या तरी मध्यस्थीनेच होत राहते.