अंगणवाडी सांभाळून बालविकासाचं शिक्षण कसं करायचं (माझं जसं झालं तसं सांगते)

बीटच्या, म्हणजे आमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या, मिटिंगला गेलं की कुणीतरी विचारतंच, ताई तुम्ही ते डिप्लोमाचं कसं केलं, आम्हाला जमंल का. दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकायलेय. मी बीड जिल्ह्यातली सेविका, बारावीनंतर लग्न झालं आणि पुस्तक सुटलं ते सुटलंच. परत हातात घेतलं तेव्हा पोरगी आठवीत होती, तिच्यासोबत बसून अभ्यास केला.

आधी कशासाठी शिकायचंय ते ठरवा, कारण रस्ते वेगळे आहेत. मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, व्हायचं असंल तर पदवी पाहिजे, डिप्लोम्यावर भागत नाही, आणि पदवीचा विषय कोणता चालतो ते जाहिरातीत नीट वाचा, शेजारणीनं सांगितलं म्हणून फॉर्म भरू नका. नुसतं कामात पक्कं व्हायचं असंल तर डिप्लोमा भारी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकांना 6 महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि त्याहून कमी शिकलेल्यांना 1 वर्षाचा डिप्लोमा द्यायचं म्हणलंय, ते तुमच्यापर्यंत आलं की घ्याच, पण त्याच्या भरवशावर वर्षं घालवू नका.

परभणीला कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचं कॉलेज आहे, जुन्या बाया अजून होमसायन्सच म्हणतात, तिथं मानव विकास शिकवतात. पण ती 4 वर्षांची रेग्युलर डिग्री, नोकरी करून होत नाही. लेकीला पाठवा. आपल्यासाठी दोनच दारं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. नाशिकवाल्याचं बीए मराठीतून होतं, ही मोठी सोय. इग्नूचा बालपणातली देखभाल आणि शिक्षणाचा डिप्लोमा बारावीवर मिळतो, विषय सगळे आपलेच, पण पुस्तकं हिंदी नाहीतर इंग्रजी. मी हिंदी घेतलं. पहिल्याच धड्यात 'टीकाकरण' आलं आणि मला वाटलं मुलांवर टीका करू नये असं काहीतरी असंल, अर्धं पान वाचल्यावर कळलं की लसीकरण! मग वहीच्या मागं शब्दांची यादी करत गेले, महिनाभरात अडायचं बंद झालं.

एक सावधगिरी. इग्नूच्या आधी मी एका खाजगी संस्थेत पैसे भरून बसलेले, नाव सांगत नाही, सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट मिळालं आणि ऑफिसात दाखवलं तर मॅडमनी उलटंसुलटं करून परत दिलं. म्हणून दूरशिक्षणाचा कुठलाही कोर्स असू द्या, युजीसीच्या डेब (दूरशिक्षण विभागाच्या) साइटवर त्या विद्यापीठाचं नाव आहे का, आणि डिग्री असंल तर कोर्सचं पण, ते बघूनच पैसे भरा.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते नावानं. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) आणि डिग्रीला त्याच्यावरून डेब आयडी काढावा लागतो, नावं जुळली नाहीत की गाडी तिथंच फसते. लग्नाचं सर्टिफिकेट, नाहीतर नाव बदलल्याचं गॅझेट, आधीच हाताशी ठेवा, शेवटच्या तारखेला सेतूवर पळापळ करू नका. पर्यवेक्षिका मॅडमला पण साधा अर्ज द्या की मी असं असं शिकायलेय, परीक्षेच्या दिवशी रजा लागंल, आणि झेरॉक्सवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आता वेळेचं. इग्नूचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास अभ्यास, डिप्लोमा 32 क्रेडिटचा, म्हणजे 960 तास. वर्षात उरकायचं तर रोज अडीच तासांच्या वर बसावं लागतं. पोषण ट्रॅकर ॲपच्या नोंदी, आहार वाटप, वजनं, कुणाकडं वरून बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम, हे करून अडीच तास कुठून काढणार? मी दोन वर्षं घेतली, रोज सव्वा-दीड तास, पहाटे साडेचार ते सहा. रात्री बसायचा प्रयत्न केला पण पुस्तक छातीवर आणि मी झोपेत. आणि परीक्षा येतात जून आणि डिसेंबरात, म्हणजे इकडं पेरणीची घाई नाहीतर कापूस वेचणी, तूर काढणी. घरी आधीच सांगून ठेवा की ते दिवस मी रानात येणार नाही, थोडी कुरबूर होते, होऊ द्या. असाइनमेंट मात्र आधी लिहा, एक प्रश्न एका रविवारी, हातानं. त्या साठवल्या की मेलात.

पण खरी गंमत ही की निम्मा अभ्यास आपल्या अंगणवाडीतच पडलेला असतो, फक्त बघायला शिकावं लागतं. पियाजे म्हणून एक शास्त्रज्ञ होता, त्याचं म्हणणं 2 ते 7 वर्षांच्या मुलाला दिसतं तेच खरं वाटतं. मला काही केल्या डोक्यात शिरंना. एक दिवस दोन सारखे ग्लास घेतले, सारखंच पाणी भरलं आणि चार वर्षांच्या एका पोरीला विचारलं, तर म्हणली सारखंच हाय. मग तिच्यासमोरच एका ग्लासातलं पाणी पसरट वाटीत ओतलं. कशात जास्त? ती लगेच ग्लासाकडं बोट करून, "बाई ह्याच्यात जास्त हाय की, वर आलंय." तिचा दुसरीतला भाऊ तिला घ्यायला आलेला, दारातूनच ओरडला, "येडी हाय का, तितकंच हाय, तुझ्याम्होरंच ओतलं ना." झालं, धडा संपला. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मी ह्या दोघांनाच लिहून आले.

तसंच कुपोषणाचं. दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला की सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषण, हे आपल्याला झोपेत विचारलं तरी येतं, पण उत्तरपत्रिकेत बाया ते लिहीतच नाहीत, पुस्तकातली वाक्यं घोकत बसतात. रोज पट्टी लावताय ते लिहा ना! एक साधी वही ठेवा, तारीख टाकून रोज चार ओळी, कोण काय खेळलं, कोण कुणाशी बोललं नाही. नाव लिहू नका, खूण करा.

प्रोजेक्टला मुलांसोबत काम करून लिहायचं असतं तेव्हा ही वहीच कामी आली. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात आणि माझी अंगणवाडी निम्मी रिकामी होते, जी राहतात ती आजी-आजोबांपाशी. मी त्या मागं राहिलेल्या मुलांचा खेळ बघितला. एक पोरगं रोज ठोकळ्यांचा ट्रॅक्टर करायचं, भरायचं आणि दाराकडं ढकलत न्यायचं, उंबऱ्यापाशी थांबायचं. हे शहरातल्या गाईडमध्ये सापडणार नाही, त्यामुळं प्रोजेक्ट विकत आणू नका, विकतचे सगळे सारखे असतात आणि तपासणाऱ्याला ते कळतं.

पुस्तकं नीट आली नाहीत तर इग्नूच्याच ईज्ञानकोश साइटवर फुकट आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका पण इग्नूच्या साइटवर मिळतात, मागच्या पाच-सहा सोडवा. सेंटर लांबचं आलं तर पहिल्या एसटीनं निघा, अर्धं तिकीट आहेच. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, आधार, आणि भाकरी सोबत ठेवा, मी पहिल्या पेपरला उपाशी बसले आणि शेवटच्या प्रश्नाला हातच चालंना.