पोकरमधून रोजचा पगार काढायचा, तर आधी हिशेब मांडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी दिवाणजी आहे. पोरं विचारतात, "दिवाणजी, पोकरमधून रोज हजार रुपये सुटतील का?" त्यांच्यासाठी लिहितोय.

मोबाईलवर पैसे लावणं विसरा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कुणाच्या खोलीवर डाव मांडाल तर पोलीस केस. राहिला गोव्यातला परवानाधारक कॅसिनो.

आता वही काढा. 50-100 च्या टेबलावर, म्हणजे जिथं प्रत्येक डावात पत्ते वाटण्याआधी दोघांना 50 आणि 100 रुपये सक्तीनं लावावे लागतात, तासाला 30 डाव धरा, आठ तासांत 240. यातली 100 ची रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. शंभर डावांमागे असे पाच बिग ब्लाइंड सुटले, म्हणजे 500 रुपये, तर खेळाडू पक्का म्हणायचा. दिवसाचे झाले 1,200. पण तेवढ्याच डावांत 14,000 रुपये वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं! हातात दोन एक्के, समोर दोन राजे, पत्ते उघडण्याआधीच सगळे पैसे मध्ये. तरी शंभरात साधारण अठरा वेळा एक्के मार खातात. म्हणून कमाई दिवसावर मोजूच नका, हजारो डावांवर मोजा.

घरखर्चाला हात लावायचा नाही. एका बैठकीला 10,000 लागतात. अशा चाळीस बैठकींचे पैसे वेगळे असतील तरच बसा. आणि कर? जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के, हरलेले त्यातून वजा होत नाहीत. सांगली-गोवा भाडं, मुक्काम, टेबलाचं कमिशन त्याच पानावर लिहा आणि मग खालची बेरीज करा.